आवाजाने मोडलेला हात

परवा दुपारी जयपूरजवळच्या या बगरूचं आभाळ आधी पिवळं झालं, मग तांबूस, आणि मग ते थेट अंगावर आलं. इकडे याला आंधी म्हणतात. आपल्याकडे वारा सुटतो. इकडे तो तुटून पडतो. दारं आपटतात, कुत्री टेम्पोखाली घुसतात, गच्चीवर वाळत घातलेले कापडाचे ओले थान एकमेकांच्या फाडफाड थोबाडीत मारतात. दाताखाली वाळू कचकचते. पाणी प्यायलं तरी कचकचते. फोनवर आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मंग तोंड बंद ठेवत जा न बाप्पा. तेवढंच तुले जमत नाही."

आई बरोबर बोलते. माझं तोंड बंद राहिलं असतं तर एका माणसाचा उजवा हात आज शाबूत असता. मी त्याला बोटही लावलं नव्हतं. तो हात आवाजाने मोडला. आवाज दुसऱ्याचा होता, गळा माझा.

जेठ महिना आला की मला तो उन्हाळा आठवतो. आठवतो मतलब, येऊन मानेवर बसतो.

मी बडनेऱ्याचा. बाबा रेल्वेत, डब्यांच्या दुरुस्तीत. माझी बारावी झाली आणि त्यांची बदली जयपूरला झाली. शाळेत मी अभ्यासात काही नव्हतो, आवाजात सगळं होतो. गणिताचे सर, शिपाई, शिपायाची सायकल, सगळं यायचं. एकदा मुख्याध्यापकांच्या आवाजात व्हरांड्यातून ओरडलो, "शाळा सुटली रे!" आणि खरंच अख्खी शाळा सुटली. दुसऱ्या दिवशी तळहातावर छडी बसली, पण पोरांच्या टाळ्या वर्षभर पुरल्या. तेव्हा मला वाटलं होतं, सौदा चांगला आहे.

चार वर्षांपूर्वी मी सांगानेरला एका छपाईच्या शेडमध्ये लागलो. काम सोपं होतं. फळ्यावर लिहायचं, कोणत्या टेबलवर किती मीटर झालं, किती खराब निघालं. लोकांना वाटतं ठशांची छपाई म्हणजे नाजूक कला, बोटांतली जादू वगैरे. एकदा शेडमध्ये उभं राहून बघा. लांबच लांब टेबलं, वर तागाचे थर, त्यावर ताणून टाचलेलं कापड. शिसवी लाकडाचा ठसा रंगात बुडवायचा, कापडावर ठेवायचा आणि वरून मूठ हाणायची. ठप. पुढे सरकायचं. ठप. छत्तीस माणसं, दिवसभर, मुठीच्या कडेने. त्यांच्या हातांवर त्या जागी कातडी नव्हती, चप्पल होती. बाहेर उन्हाळी वाऱ्याची लू पत्र्याला बडवतेय, आत मुठी लाकडाला बडवतायत, आणि या सगळ्यावर भंवरजी आम्हाला.

भंवरजी मतलब फ्लोअर मॅनेजर. सडपातळ माणूस, पांढरा सफारी, हातात एक फुटाची सागवानी पट्टी. त्यांचा आवाज आधी यायचा, मग ते यायचे, मग पट्टी. "मर गया क्या! हाथ चला!" आणि चट्ट, बोटांच्या पेरांवर. डाव्या हाताच्या. उजव्याला कधी मारायचे नाहीत, कारण उजव्याने छपाई होते. एवढा विचार होता त्यांच्या मारण्यात. कुणी पाणी प्यायला गेलं की ते ठसा उचलून भिंतीवर फेकायचे. भिंतीवर खळगे पडले होते. मी नवीन असताना विचारलं होतं, इथे खिळे ठोकलेत का?

शेडचे मालक सेठजी. त्यांना हे चालायचं. चालायचं म्हणजे आवडायचंच, कारण भंवरजी आत आले की ठप-ठप दुप्पट वेगाने व्हायचं. मीही फळ्यावर मोठे आकडे लिहायचो. पण फळ्याची उजवी बाजूही मलाच लिहायची होती, खराब मालाची. तीही वाढायची. का वाढते, ते मला छीतर काकांनी दाखवलं.

छीतर काका पहिल्या टेबलवर, रेख मारायचे. रेख म्हणजे नक्षीची बाहेरची रेषा. ती आधी पडते, बाकी सगळे रंग तिच्या आत. रेख एका जागी नखभर सरकली तर पुढची सगळी फुलं लंगडत चालतात. काका रोज बगरूहून बसने यायचे, साठीला आलेले, बोलणं कमी. एक दिवस चहाला मला म्हणाले, "छोरा, पहले यहाँ दो ठोके का कायदा था."

कायदा असा. ज्याच्या हातून चूक झाली त्याने रिकाम्या ठशाने टेबलवर दोन ठोके द्यायचे. अख्ख्या शेडने थांबायचं. कुणी केलं, कुणीही विचारायचं नाही. जवळचे दोघं येणार, चूक बघणार, सुधारणार, आणि मग सगळ्यात वयस्कर माणूस एक ठोका देणार. की काम सुरू. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या बापांच्या टेबलांवरून आलेलं होतं.

"मग आता का नाही देत?" मी विचारलं.

काकांनी डावा हात पुढे केला. मधलं बोट वाकडं होतं. "आखरी दो ठोके मैंने दिए थे."

भंवरजींना दोन ठोके ऐकू आले की ते ठोकणाऱ्याला शोधायचे. मग कोण ठोकणार? चूक झाली की माणूस मान खाली घालून पुढे छापत राहायचा. चूक नखभर असताना कळायची नाही, चाळीस मीटरला कळायची, आणि तोपर्यंत ती कुणाचीच नसायची. मारामुळे वेग वाढत होता आणि त्या वेगात आम्ही चुका छापत होतो. एवढं साधं गणित मलाही समजलं. गणिताच्या सरांच्या आवाजातच समजलं.

मी सगळ्यांच्या नकला करायचो. सेठजी, त्यांचा ड्रायव्हर, बर्फवाला, कूलरच्या पंख्याचा खडखडाट. पोरं टेबलांखाली झोपून हसायची. "ओ महाराष्ट्र, भंवरजी कर ना!" म्हणायची. ते मी केलं नाही कधी. पट्टी काय फक्त छापणाऱ्यांच्याच पेरांसाठी होती? पण नकलाकाराला जी नक्कल मना असते तीच घशात खाजवते. म्हणून मी एकटा रियाज करायचो. मागे रंगखोली होती, रंगांचे डबे, रॉकेलसारखा वास. जेवणाच्या सुट्टीत तिथे उभा राहून डब्यांना शिव्या द्यायचो. डबे घाबरायचे नाहीत, म्हणून मी सुधारत गेलो.

त्या दिवशीही असंच पिवळं झालं. दुपारची सुट्टी, सगळे समोर निंबाखाली चहाला. भंवरजी ऑफिसात. मी रंगखोलीत. आंधी आली आणि पत्रे थरथरायला लागले, नळाजवळची बादली गडगडत गेली. मला त्या आवाजाचा जोर चढला. छाती भरून घेतली आणि भंवरजी सोडले.

"ऊपर थान पड़े हैं, तेरा बाप उतारेगा? चढ़!"

असा निघाला ना आवाज! नाकातली ती धार, शेवटच्या शब्दावरचा तो दणका. माझाच आवाज ऐकून मला काटा आला. आणि लगेच बाहेरच्या लोखंडी जिन्यावर पाय वाजले. कुणीतरी धावत वर चाललं होतं.

इथे मी थांबतो नेहमी. ही जागा मी चार वर्षं चघळतोय. पाय वाजले तेव्हा मला काय झालं? मला आनंद झाला. पास झालो असं वाटलं. जिना बावीस पायऱ्यांचा होता. एका ओळीत मी त्याला खाली बोलावू शकलो असतो, माझ्या आवाजात नाहीतर त्याच आवाजात. मी उभा राहून पायऱ्या ऐकल्या. टाळ्या ऐकाव्यात तशा.

मग वर पत्रा फाटल्याचा आवाज आला. आणि एक माणूस ओरडला, ज्याला मी त्याआधी कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं.

काका नळावर हात धूत होते. बाकीचे निंबाखाली, ते एकटे मागे. त्यांनी आवाज ऐकला आणि चढले. गच्चीवर थान गोळा करत असताना शेजारच्या शेडचा पत्रा सुटून आला, आडवा, उजव्या मनगटावर. आम्ही वर पोचलो तेव्हा ते बसले होते आणि हात मांडीवर ठेवला होता, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. पांढऱ्या कापडावर लाल रंग. मी रोज रंगांत वावरणारा, पण तो लाल आमच्या कुठल्याच डब्यात नव्हता. वारा त्याचे शिंतोडे घेऊन पुढच्या थानावर छापत चालला होता.

"किसने बोला था चढ़ने को?" कुणीतरी ओरडलं.

"भंवरजी ने आवाज़ दी," काका म्हणाले.

सगळे भंवरजींकडे वळले. ते जिन्याच्या तोंडाशी उभे, सफारीवर धूळ. मला वाटलं आता म्हणतील, मी नाही, मी तर ऑफिसात होतो. त्यांनी वळून जिन्याकडे बघितलं. आणि म्हणाले, "दी होगी."

दिवसभरात इतकं ओरडणारा माणूस. कुठलं आपण ओरडलो आणि कुठलं नाही, हे त्यालाच आठवत नव्हतं.

हाड जुळलं. पण आतल्या शिरा कापल्या होत्या. मूठ बंद होईना. डॉक्टर म्हणाले, जेवता येईल, लिहिता येईल थोडं. काकांना लिहिता येत नव्हतं. त्यांना मूठ हवी होती.

आणि आता ऐका गंमत. गंमतच म्हणतो, दुसरा शब्द नाही माझ्याकडे. शेड सुधारली.

भंवरजी गप्प झाले. पट्टी ड्रॉवरमध्ये गेली. ते यायचे, टेबलांमधून चालायचे, कापडाकडे बघायचे, जायचे. आठ दिवस कुणाचा विश्वास बसला नाही. नवव्या दिवशी तिसऱ्या टेबलवरून दोन ठोके आले. सगळे गोठले. भंवरजी तिथेच होते. ते वळले आणि भिंतीवरच्या खळग्यांकडे बघत उभे राहिले, पाठ करून. दोघांनी चूक बघितली, सुधारली. एक ठोका. काम सुरू. महिन्याभरात फळ्याची उजवी बाजू जवळजवळ कोरी. लोक पाणी प्यायला जायला लागले आणि तरी मीटर वाढले. सेठजींनी मिठाई म्हणून मिश्रीमावा आणला. टाय लावलेला एक ट्रेनिंगवाला आला, त्याने भंवरजींना विचारलं, "सर, आपकी लीडरशिप का राज़?" भंवरजी म्हणाले, "मैं चुप रहता हूँ." त्याने ते मोठ्या अक्षरांत तक्त्यावर लिहिलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मीही वाजवल्या.

म्हणजे बघा. मालक खूश, कारागीर खूश, माल चोख. आणि हे सगळं माझ्या एका खोट्यावर उभं. खरं सांगितलं तर भंवरजी सुटणार, आणि सुटले की पट्टी बाहेर येणार. नाही सांगितलं तर एक माणूस न केलेलं पाप डोक्यावर घेऊन फिरणार. पस्तीस माणसांची बोटं एका बाजूला. मी जेवताना मोजायचो.

बाबांना सांगितलं एकदाचं. क्वार्टरच्या ओसरीत बसून ते बूट पुसत होते. दुसरा बूट हातात घेतला. मग म्हणाले, "आमच्याकडे डब्याखाली शिरायच्या आधी फिटर लाल झेंडा लावते. काम झालं का तो झेंडा कोण काढते?"

"कोण?"

"ज्यानं लावला त्यानंच. साहेब आला तरी दुसऱ्यानं हात नाही लावायचा. समजलं काय बे?"

बाबा कुठल्याही गोष्टीत डबा आणतात. पण त्या दिवशी मी हसलो नाही.

आधी बगरूला गेलो, काकांकडे. ते खाटेवर बसून डाव्या हाताने वाटाणे सोलत होते. सगळं सांगितलं. जिन्याचंही सांगितलं, आनंद झाल्याचंही. ते ऐकत होते, शेंगा ठेवल्या, उठले, आणि डाव्या हाताने अशी थोबाडीत दिली की माझा चष्मा अंगणातल्या बकरीपाशी जाऊन पडला. चाळीस वर्षं मुठी हाणणाऱ्याचा डावाही काही कमी नसतो. मग दुसरी दिली. तिसरीला त्यांनी उजवा उचलला, तो अर्ध्यात हवेत थांबला, बोटं तशीच अर्धवट उघडी. त्या न बसलेल्या थपडेचा वळ अजून आहे माझ्या गालावर.

खाली बसून, दम घेत ते म्हणाले, "भंवर से मत कहियो."

"का?"

"म्हारो हाथ तो गयो. छोरां का तो बच रह्या है."

आता सांगा. ज्याचा हात गेला तोच म्हणतोय गप्प राहा. परत येताना बसमध्ये मी ठरवलं, गप्प राहायचं. सांगानेरला उतरलो, शेडच्या फाटकातून आत गेलो आणि भंवरजी एकटे दिसले. जिन्याखाली उभं राहून वर बघत होते. रोज बघायचे म्हणे, सगळे गेल्यावर. ओठ हलत होते. ते आठवायचा प्रयत्न करत होते, आपण नेमकं काय ओरडलो होतो.

मी मागे उभा राहिलो आणि त्यांच्या आवाजात त्यांना ते वाक्य म्हणून दाखवलं. हळू. पूर्ण.

ते वळले नाहीत लगेच. मग ऑफिसात गेले, ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले आणि त्यांनी मला मारलं. हातांवर, पाठीवर, खांद्यांवर, उजवा-डावा न बघता. पहिल्यांदाच विचार न करता मारत होते. मी हात वर केले नाहीत. माझ्या कोपरावर पट्टी मोडली, अर्धी उडून नळाखाली पडली. ते हातातल्या तुकड्याकडे बघत राहिले आणि रडायला लागले. सुटल्याचं रडू होतं की कसलं, मला नाही कळलं. नाकात बोलत म्हणाले, "मेरी ही थी ना आवाज़? मेरे जैसी ही थी?"

"हुबेहूब," मी म्हणालो.

"तभी चढ़ा वो," ते म्हणाले.

सेठजींनी मला त्याच आठवड्यात काढलं. भंवरजींचं ओरडणं हळूहळू परत आलं, असं ऐकतो. पट्टी नाही आली. दोन ठोके कधी पडतात, कधी नाही. अर्धीमुर्धी शेड आहे आता ती, बहुतेक जागा असतात तशी. मी घरी बसलो होतो तेव्हा छीतर काकांचा निरोप आला. बगरूला त्यांच्या भाच्याची छोटी शेड आहे, आठ टेबलं. "थारो हाथ तो साबुत है ना? आजा."

आलो. तीन वर्षं झाली. काका पहिल्या टेबलच्या टोकाला खुर्ची टाकून बसतात आणि रेख बघतात. मी फ्लोअर सांभाळतो. नियम दोनच. दोन ठोक्यांचा, आणि दुसरा माझा: आंधीत गच्चीवर कुणी जायचं नाही, थान उडाले तर उडू देत. भंवरजींचा आवाज मी पुन्हा काढला नव्हता.

परवा निघाला.

आभाळ पिवळं होताच मी सगळ्यांना आत बोलावलं, मोजलं, दोघं कमी. हनुमान आणि इरफान, दोघंही विशीतले, गच्चीवर. थान त्यांनी स्वतः छापलेले, जीव अडकला असणार. मी खालून ओरडलो, "उतरा रे! जाऊ दे कापड!" माझा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. बारीक आहे. वर्गातल्या मागच्या बाकाचा. वरून हनुमान हसत ओरडला, "बस दो मिनट, भैया!" शेजारचा पत्रा एका कोपऱ्यातून सुटला होता, उठत होता, बसत होता. तीनदा ओरडलो. तीनदा हसले.

आणि मग छाती आपोआप भरली. "नीचे उतर! टाँगें तोड़ दूँगा!"

दोघं असे खाली आले की पायऱ्यांना पाय लागले नसतील. पाठोपाठ पत्रा गच्चीवरून सपकन गेला आणि समोरच्या भिंतीत घुसला. वाचले. मी वाचवले. आणि खोटं कशाला बोलू, तोच जुना आनंद एक क्षण चाटून गेला.

मग मी मागे वळलो. छीतर काका खुर्चीत नव्हते. ते जिन्यापाशी होते. डाव्या हाताने कठडा धरलेला, एक पाय पहिल्या पायरीवर. डोळे मिटलेले. आवाज ऐकला आणि शरीर उठून निघालं होतं, त्यांना न विचारता. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी डोळे उघडले. पाय खाली घेतला आणि खुर्चीत जाऊन बसले.

काल दिवसभर शेड जोरात चालली. मान खाली, कुणी पाणी प्यायला उठलं नाही. मला वाटलं, वा. संध्याकाळी कापड उचललं तर हनुमानच्या टेबलवर वीस मीटर रेख सरकलेली. पहिल्या मीटरलाच दिसत होती. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने डावा हात पाठीमागे नेला. त्या पोराला इथे कुणी कधी मारलेलं नाही.

आज सकाळी काम सुरू झाल्यावर मी एक रिकामा ठसा उचलला आणि मधल्या टेबलवर दोन ठोके दिले.

सगळे थांबले. कुणी विचारलं नाही, कुणी केलं. जवळचे दोघं आले, हनुमान आणि इरफानच होते, कापडावर वाकले आणि शोधायला लागले. कापडात काहीच नव्हतं. मी म्हणालो, माझ्या बारीक आवाजात, "परवाचं ओरडणं. चूक माझी. जीव वाचला ते बरं झालं, पण कालचे वीस मीटर माझ्या नावावर लिहा. परत तो आवाज आला तर तुम्ही दोन ठोके द्यायचे."

पंखा खडखडत होता. सुधारायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्या दोघांना कळेना आणि मलाही. हनुमानने उगाच टेबलवरची सुरकुती हाताने सरळ केली.

मग पहिल्या टेबलच्या टोकावरून ठोका आला. एकच. काकांच्या उजव्या हाताचा. मूठ नव्हतीच, अर्धवट उघडा पंजा तागावर पडला, मऊ, ओल्या कापडासारखा. आवाज असा काही झाला नाही.

पण सगळ्यांनी ऐकला, आणि काम सुरू झालं.